शेंड्याला रुंद

लक्ष्मीपुरीत धान्यबाजाराच्या मागच्या बोळात
माझं रद्दीचं दुकान.
दर रविवारी अकराला दस्तगीर मुजावर येतात,
सायकल भिंतीला टेकवतात,
खिशात घड्याळजीचं भिंग.
ओझरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं
एकाच जातीच्या विमानाला चाकं बसवली त्यांनी.
"दुसरं कायबी बघू दिलं नाही लेका.
आता बघतो."

बघतात म्हणजे वह्यांची कव्हरं.
एके काळी रशियन मासिकांचा कागद
निम्म्या कोल्हापूरनं वह्यांना घातला,
जाड, गुळगुळीत, अजून रॉकेलसारखा वास मारणारा.
त्यावर ट्रॅक्टर, गहू, चवड्यांवर नाचणाऱ्या बाया,
आणि शंभरात एखादं
विमान.

नाक बघायचं नाही, नाक फसवतं.
पैलवान कानावरून ओळखावा,
तसं यंत्र सांध्यावरून:
पंख अंगाला कुठं मिळतो,
चाक कुठं दुमडतं,
शेपूट एक की दोन.
रंग तर मुळीच नाही. रंग सरकार देतं.

असं आम्ही ओळखलं
सात इंजिनांचं, ज्याच्या पंखाच्या पोटात माणसं बसायची.
ओळखलं ते, ज्याची दोन इंजिनं
पंखांच्या पार टोकाला, कानात डूल घातल्यासारखी.
आणि एकाचा फोटो मिळाला तरी काय दिसणार, म्हणाले चाचा,
पारदर्शक कातडं चढवलं होतं त्याला,
आभाळात दिसू नये म्हणून.
तेल बसलं, धूळ बसली, दिसायला लागलं.
उद्यमनगरच्या फौंड्रीत जन्म काढलेला त्यांचा मेव्हणा
यावर इतका हसला की चहा नाकात गेला.

पण एक वही अडून बसली.
कु. शकुंतला आदगोंडा मगदूम,
इयत्ता आठवी ब, विषय भूमिती.
कव्हरवर बर्फ, बर्फात तीन टोपीवाले,
त्यांच्यामागं थोराड अंगाचं विमान,
आणि पंख असा
की अंगापाशी अरुंद, शेंड्याला रुंद.
"असं नसतंय," चाचा म्हणाले.
"फांदी बुंध्याशी जाड. हात खांद्याशी जाड.
छापणाऱ्यानं उलटं चिकटवलंय."
टोकाला भल्यामोठ्या पेट्या, पंखा कुठंच नाही.
वरचं अर्धं चित्र वहीच्या मापानं
कात्रीखाली गेलेलं.

तीन वर्षं.
पुराचं पाणी दुकानात गुडघाभर आलं
तेव्हा आधी ती वही माळ्यावर टाकली,
मग वजनकाटा.
उजळाईवाडीहून सुटलेलं विमान डोक्यावरून जायचं,
चाचा मान वर करायचे नाहीत.
"त्यात ओळखायचं काय? तिकिटावर लिहिलंय."

परवा वाळवी लागली का बघायला
मी कव्हर सोडवलं.
आतल्या घडीवर पेन्सिलीची दोन वर्तुळं,
एकमेकांत किंचित घुसलेली,
केंद्रं जोडणारी रेघ,
आणि रेघेच्या मधोमध आडवा मासा.
आधीही बघितलं होतं हे. भूमितीची वही,
वर्तुळं असणारच. मासा म्हणजे तास कंटाळवाणा.

चाचांनी वही फिरवली.
परत फिरवली.
चहा सायीनं झाकला गेला.
"मासा नव्हं. अंग आहे.
वरनं बघितलंय पोरीनं.
अरे, हे इमानच नव्हं.
हेलिकॉप्टर आहे! दोन पंख्यांचं!
पंख उडायला नाहीत, पंखे धरायला आहेत,
ओझं टोकाला, म्हणून टोक रुंद!"
अशी दोनच बनली होती जगात.
आणि आम्ही तीन वर्षं
भलत्याच जातीत शोधत होतो.

कात्री चालवण्याआधी
तिनं अख्खं पान बघून घेतलं होतं.
गेलेला भाग
आठवणीनं आत काढून ठेवला होता.

"मगदूम," चाचा म्हणाले,
"म्हणजे रुकडीचे, का हुपरीचे?"
मला काय माहीत.
त्यांनी भिंग पुसलं
आणि लेबलावर धरलं, नावाच्या पहिल्या अक्षरावर,
जिथं श ची गाठ
दांड्याला मिळते.