होडी उलटला

मेनच्या उत्तरेला, तळ्याकाठी, शुक्रवारी संध्याकाळी
सोलेन फाटकातच प्रत्येकाच्या गळ्यात दोरा घालते.
दोऱ्यात पाच लाकडी मणी.
इंग्रजीचा एक शब्द, एक मणी डब्यात.
डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. मणी पडला की टणकन वाजतो,
म्हणजे लपवालपवी नाही.

जेवणाआधीच माझे तीन गेले.
एक डासापायी, एक तंबूच्या खुंटीपायी,
एक नुसताच, सॉरी म्हणताना.
ग्वेनचे दोन गेले मला चिडवताना.
बाबांचे पाचही शाबूत.
त्यांनी तोंडच उघडलं नाही.

आम्ही विलेट. पण फाटकावरच्या यादीत
सोलेनने आडनाव जुन्या स्पेलिंगने लिहिलेलं, आठ-नऊ अक्षरं.
थिओने विचारलं, हे कोण?
बाबांनी, बुटांच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं काढलेल्या अल्सीडने,
यादी दोनदा वाचली,
चष्मा न लावता.

शनिवारचा धडा पाण्यात पाय सोडून.
वस्तूंना लिंग असतं, सोलेन सांगते,
आणि का, ते विचारायचं नाही.
काटा ती. तंबू ती.
होडी तो. आगसुद्धा तो.
थिओला हे लगेच पटतं. तो नऊ वर्षांचा आहे,
त्याच्यात अजून जागा आहे.
दिवसभर बोंबलत फिरतो:
तंबू पडली! आग पेटला!
माझी काटा कुठे गेली!

दुपारी होकायंत्र घेऊन टेकडीवर चढलो आणि चुकलो.
झुडपांत निळी फळं. मिर्तीय, सोलेन म्हणाली.
बाबा वाकले, मूठभर तोडली,
थिओच्या तळहातावर ओतली.
"ब्लुए."
दोन दिवसांतला पहिला शब्द.
सोलेन नाँतची, चोवीस वर्षांची, हसली, "आमच्याकडे..."
"इथे ब्लुए."
मग तळ्यावरून तो काळ्या डोक्याचा पक्षी
वेड लागल्यासारखा ओरडला, आणि ती काही म्हणायच्या आत
बाबा म्हणाले, ह्युआर.
तिने वही काढली.

चार वाजता होडी उलटला.
बाबांनी पाण्यातून डोकं वर काढलं आणि शिवी हासडली.
आमच्या लोकांच्या शिव्या चर्चमधल्या:
वेदी, प्याला, प्रसादाची पेटी, सगळं एका दमात.
हे सोलेनने लिहून घेतलं नाही.
थिओने पाठ केलं.

रात्री काठ्यांवर ओले मोजे.
कुणीतरी विचारलं, बहुधा ग्वेननेच, मोडक्यातोडक्यात,
तुम्ही इतकं छान बोलता, मग घरी का नाही?
बाबा उठले. डब्याजवळ गेले.
दोऱ्यातला एक मणी काढून आत टाकला.
आधी मणी. मग इंग्रजी.

"दुसरीत होतो. नाकातून रक्त येत होतं.
बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नीट सांग.
पुन्हा सांगितलं. सदऱ्यावर पडत होतं, वहीवर पडत होतं.
इंग्रजी शब्द मला येत नव्हता.
त्यांना दिसत नव्हतं असं नाही."

आगीत एक ओंडका सरकला.

"म्हणून तुला शिकवलं नाही," माझ्याकडे न बघता.
"वाटलं, तुझं रक्त तरी वेळेवर दिसावं."

सगळे गप्प, दोन्ही भाषांत.
सोलेनने मणी डब्यातून काढून पुढे केला.
बाबांनी घेतला नाही. नियम म्हणजे नियम.

तेवढ्यात स्लीपिंग बॅगमधून अर्धा बाहेर येत
थिओने सुरूंच्या मागे बोट दाखवलं:
"पेपेर, चंद्र उगवली."
बाबांनी मान वर केली.
बराच वेळ.
"हो," ते म्हणाले, "आली ती."

रविवारी परत येताना पेट्रोल पंपावर
मी दोन कॉफी मागितल्या, इंग्रजीत.
काहीच वाजलं नाही.
सुटे पैसे घेऊन मी उगाच थोडा वेळ उभा राहिलो.
गाडीत मागच्या सीटवर बाबा झोपलेले,
गळ्यात चार मणी.