नळाचं पाणी

त्सिआला बाईंच्या वहीचं पहिलं पान जांभळ्या शाईत:
ग्लुकोज वीस ग्रॅम, पेप्टोन दहा,
यीस्टचा अर्क पाच, फॉस्फेट दोन,
मॅग्नेशियम नखावर राहील एवढं.
खाली दोनदा अधोरेखित,
साखर वेगळी उकळा.
प्रथिनांसोबत शिजली की तांबूस पडते,
मग ही पोरं ताटाला तोंड लावत नाहीत.

पोरं म्हणजे मात्सोनीच्या विरजणातले जंतू.
मातीतले भागवतात मीठ-साखरेवर,
हे पिढ्यान्‌पिढ्या दुधात लोळले,
रांधायचंच विसरले.
अमिनो आम्लं आयती हवीत,
जीवनसत्त्वं आयती,
वर ऊब सदतीस अंशांची.

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात
वीज दिवसाला तीन तास.
पेप्टोनचा डबा चमच्याने खरवडून झाला
तेव्हा बेझानने अंगठी विकून
बैलाचं हृदय आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.
रॉकेलच्या शेगडीवर रस्सा उकळला.
जिन्यात शेजारची मुलं वास घेत उभी.
आम्ही तो गाळून बाटल्यांत भरला,
डोळ्यांना न दिसणाऱ्यांसाठी.
चोथा बाईंनी मुलांना वाटला.
बाटलीच्या तळाशी दोन बोटं उरलं होतं,
ते कोण प्यालं, मी कधी विचारलं नाही.
(मीच.)

वसंतात परदेशातून खोकी आली.
शुभ्र पावडरी, सीलबंद,
आणि पाणी गाळायचं यंत्र, त्याला हिरवा दिवा.
मी मिलीग्रॅमला मिलीग्रॅम जुळवलं.
माध्यम असं नितळ की पलीकडची खिडकी दिसे.
एक दिवस. तीन दिवस.
खिडकी दिसतच राहिली.

आम्लता तपासली. तापमान तपासलं.
बेझान म्हणाला, रुसलेत.
बाईंनी बाही वर सारली,
गंजक्या नळाखाली वाटी धरली,
तो खोकला, फुरफुरला,
आणि चहाच्या रंगाचं पाणी आलं.
त्यातलं दोन चमचे उकळून घातलं.

रात्री दिवे गेले.
सकाळी फ्लास्क ढगाळ,
खिडकी गायब.

नंतर कळलं, मँगेनीज.
आता नव्या वहीत त्याची स्वतंत्र ओळ आहे,
छापील, दशांश चिन्हासकट.
जुन्या वहीत ती कधीच नव्हती.
वीस वर्षं नळ गपचूप वाढत होता त्यांना,
पाककृतीत नाव नसताना.

बाई आता नाहीत. नळ बदलला.
नवी मुलगी, नात्सा, तराजूवर
पाच मिलीग्रॅम गुलाबी मीठ ठेवते, श्वास रोखून.
इतकंसं? विचारते.
इतकंसंच, म्हणते मी,
आणि जिन्यात कुणी आहे का बघते.