घसारा

गगनबावड्याच्या रस्त्याला, साळवणच्या अलीकडे,
फाट्यावर डाव्या हाताला
मगदूम यांचे आराम भुवन. चहा, जेवण, खोल्या चार.
पाटीवरचा 'भु' कधीच उडाला, राहिलंय आराम वन.

रुंदीकरणात पुढचे साडेअकरा फूट जातात.
मी टेप घेऊन आलो.
भूपाल मगदूमनं न सांगता दुसरं टोक धरलं,
लग्नात अंतरपाट धरावा तसं.

जांभ्याची भिंत, दीड फूट.
सागवानी खांब सहा,
एकाला एसटी घासून गेल्याची खूण.
बांधल्याचं साल?
"थोरल्या आज्यानं बांधलं. एसटी नव्हती तवाचं.
खाली गूळ जायचा, वर मीठ यायचं, बैलगाडीनं."
मी लिहिलं: अंदाजे.

पायरी मधोमध बशीसारखी खोलगट.
ओझं असलेला माणूस
कडेला पाय ठेवत नाही.

तक्त्यात रकाना आहे, घसारा.
जितकं वापरलेलं, तितकं वजा.

खोली नंबर तीन.
खाटेच्या उशाशी भिंतीवर एक तपकिरी गोल.
"ओल आहे का?"
"छ्या! खंडू डवरी. मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर.
एकोणीस वर्सं, एकाड एक रात्री हितंच.
खोबरेल चोपडून टेकून बसायचा बिडी वढत.
दर दिवाळीला चुना मारतो,
संक्रांतीपतूर वर येतंय बघा त्याचं डोस्कं."
मी टेप लावला. नऊ इंच बाय सात.
कशाखाली लिहायचं?

वारसा यादीवाले येऊन गेले म्हणे गेल्या साली.
फोटो काढले, चहा प्याले,
म्हणाले, इथं काही घडलेलं नाही.
"खरं हाय त्यांचं," भूपाल म्हणाला.
"कोण राजा उतरला नाही, सभा झाली नाही.
कुंभी फुगली, रस्ता बंद झाला,
की अडकलेली माणसं आठ-आठ दिस आमटी-भात खायची.
खिशात पैसे नसले तर वहीत नाव.
घरी पोचल्यावर मनिऑर्डर यायची."
"सगळ्यांची?"
"एक सोडून."

वही काढली. कडा उंदरांनी कुरतडलेल्या.
त्या नावापुढची जागा कोरी.
"बापानं खोडलं नाही, मीबी नाही.
माणूस हाय, कवातरी येईल की वाट वाकडी करून."
मग टेपचं टोक त्यानं सोडलं.
टेप सळसळत माझ्या मुठीत परत आला.
"आता येऊन उभा कुठं ऱ्हायचा त्यो,
तेवढं लिवा सायेब."

शेरा या रकान्यात दोनच ओळी बसतात.
मी एक लिहिली, खोडली.
दुसरीत खंडू डवरीचं माप घातलं.

चहाचे पैसे त्यानं घेतले, मोजून,
सुटे परत दिले.
निघताना पायरी उतरलो
तर पाय नेमका मधोमध पडला.
हातात तसं काही नव्हतं,
टेप, छत्री आणि तीन पानी अर्ज.