झालं की

ऐनो राउतिओनं दुकानाला पाटी लावलेली नाही.
ज्याला क्यू हवाय तो हॅनकॉकपासून विचारत विचारत येतो,
पेट्रोल पंपामागच्या गल्लीत, बर्फ तुडवत,
जिथे धुराड्यातून मेपलचा वास येतो.

मेपल सरोवरातला.
शंभर वर्षांपूर्वी तराफ्यातून निसटून
सुपीरियरच्या तळाशी गेलेला ओंडका,
त्या गारठ्यात कुजला नाही आणि कुणाला आठवलाही नाही.
ऐनो म्हणतो, दाट झाडीत जन्मला, ऊन मिळेना,
म्हणून हळू वाढला बिचारा.
त्याच्या रेषा इतक्या लगटून,
की मोजताना मला भिंग लागतं.
ऐनो नखानं मोजतो.

पहिलं वर्षभर मी नुसता भुसा झाडला.
दुसऱ्या वर्षी काठ्या टांगल्या,
छताला, एकेक, उभ्या,
बुडाशी पेन्सिलीनं तारीख.
दर तीन महिन्यांनी लेथवर एक कात, केसाएवढी,
की पुन्हा टांगायची.
मुरायचं ते टांगून मुरतं.
आतला ताण निघून जाईपर्यंत
आपण मध्ये बोलायचं नाही.
काही सहा वर्षं सरळ राहतात
आणि सातव्या वर्षी, शेवटच्या कातीला,
हळूच मान वळवतात.
ऐनो चिडत नाही. "वेळेत कळलं," म्हणतो
आणि शेगडीत सारतो.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
मेपलचा जातो. मी राख उपसते, मला ठाऊक आहे.

डेल पेनहेल आला तो मासिकातलं चित्र घेऊन:
मुठीवर चांदीचा गरुड, डोळ्यात फिरोजा.
ऐनोनं चित्र पालथं घातलं.
"खेळ," म्हणाला,
कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट करून.
डेल खेळला. बरा खेळला.
ऐनोनं एकदाही चेंडूंकडे पाहिलं नाही,
पाहत होता कोपर, खांदा, मागचा हात.
"करंगळी कधी गेली?"
"लाकडाच्या ट्रकवर. साखळीत. अठ्ठ्याण्णव साली."
चित्राच्या पाठीवर ऐनोनं लिहिलं:
एकोणीस औंस. तोल अर्धा इंच पुढे. मूठ बारीक.
"आणि गरुड?"
"गरुड जड असतो."
"मिळेल कधी?"
"झालं की."

मेपलमध्ये एबनीची चार टोकं बसवायचं काम
त्यानं पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं.
चारही पाती एकाच उंचीवर संपायला हवीत.
तीन संपली. चौथं
कागदाच्या जाडीएवढं पुढे गेलं.
डेलला दिसलं नसतं. कुणालाच दिसलं नसतं.
मी पॉलिश चढवलं
आणि दोन हात लांब उभी राहिले.
ऐनोनं अंगठा फिरवला, थांबला,
काही बोलला नाही.
फक्त तो तुकडा माझ्या बाकावर ठेवला,
जिथे मी डबा उघडते.
सात दिवस मी पाव खात होते त्याच्याशेजारी.
आठव्या दिवशी
मीच शेगडीचं दार उघडलं.

चौदा महिन्यांनी डेलनं दोन तुकडे पेचात फिरवून जोडले,
टेबलावर आडवा घरंगळवला,
वाकून पाहिलं: खालून उजेडाची फट कुठेच नाही.
बूड जमिनीवर ठोकलं.
टण्ण. एकच आवाज, मागे कुरकुर नाही.
उरलेली चार बोटं मुठीवर ठेवली
आणि पाचव्याची जागा शोधली नाही.

मग ऐनोशी एक डाव. ऐनो हरला.
तो नेहमीच हरतो.
इतका वाईट खेळणारा माणूस
मी आख्ख्या मिशिगनमध्ये पाहिला नाही.
पांढरा चेंडू दोनदा भोकात घालून
तो तंबाखूचे दात दाखवत हसला,
खडूचा निळा डाग नाकावर.

डेलचा ट्रक पुलाकडे वळेपर्यंत मी दारात होते.
आत आले तर लेथ चालू,
आणि ऐनोनं एक काठी उतरवून ठेवलेली,
पहिल्या कातीची, अजून चौकोनी.
शेजारी पेन्सिल.
तारीख त्यानं घातली नव्हती.