खडूची रेघ

एकतीस वर्षं ओर्तेन्सियाने
दोरावर चढणाऱ्या डब्याची तिकिटं फाडली,
वाल्पाराइसोच्या बंदरावरची माणसं
टेकडीवर पाठवली, वरची खाली आणली.
डब्याशेजारचा जिना मात्र
तिच्या पायांना ठाऊकच नव्हता.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर.
एप्रिलमध्ये पुन्हा म्हणाल्या, साखर, जरा मोठ्याने.
मेच्या पहिल्या सोमवारी
ती माझ्या टपरीशी आली, बूट पुढे केले:
"टाच पक्की कर, रुबेलिंदो.
आज एक पायरी, उद्या दोन. एकशे साठ आहेत.
ऑक्टोबरात वर पोचेन."

हिशेब चोख होता. मी हसू दाभणाखाली दाबलं.
असले चोख हिशेब मीही पुष्कळ केलेत,
सिगारेटच्या पाकिटांच्या आतल्या बाजूला.

जिथवर जाई तिथे ती खडूने रेघ ओढी,
धापा टाकत उतरे
आणि माझ्याकडे न बघता विचारी, "बघितलंस ना?"
बघितलं.
सातव्या पायरीवर मांजर निजायचं,
त्याला न उठवता ओलांडायला शिकली.
एकोणिसावीवर खलाशाच्या बायकोचं दार.
तिथे चहा झाला, गप्पा झाल्या, दिवस बुडाला.
तेविसाव्या दिवशी आलीच नाही.
चोविसाव्याही नाही.
पंचविसाव्याला आली ती माझ्यावरच डाफरत,
जणू तिचे दोन दिवस मीच खाल्ले होते.

मग जूनचा पाऊस,
समुद्राकडून आडवा, तीन रात्री.
रेघ गेली.
ती पायथ्याशी उभी, मुठीत खडूचा तुकडा,
"कुठवर आले होते रे मी?"

मला ठाऊक होतं. छत्तीस.
सांगायला तोंड उघडलं, तर तोंडात सिगारेट.
तेवढ्यात ती निघालीसुद्धा,
कठडा धरून, ओल्या दगडांवरून, सावकाश.
चौतीस. पस्तीस. मग थांबली.
गुडघ्यावर तळवा ठेवला,
बंद दाराला कान लावावा तसा.
"इथे!" ती वरून ओरडली, "इथेच करकरतो हा!"
आणि आणखी एक चढली.

खडू तिने पोरांना देऊन टाकला.
चौदावीवर आता ठिकरीची घरं आहेत.
वर पोचली का, ते मला विचारू नका.
धुकं असलं की पन्नाशीच्या पुढचं
इथून काही दिसत नाही.

मी तूर्त एवढंच ठरवलंय:
ती चढू लागली की पेटवायची नाही,
ती उतरेपर्यंत.
अलीकडे तिला उतरायला
फार वेळ लागतो.