ओल्ड हार्बर ते स्पॅनिश टाउन, चोवीस मिनिटं

माझ्या प्रोबॉक्सची नंबरप्लेट लाल,
डाव्या दाराची काच वर होत नाही,
आणि डॅशबोर्डच्या फटीत जो पेनड्राइव्ह दिसतो
तो ओडेनचा.
मिस व्हेरोनाचा धाकटा. वय एकोणीस.
वीजकेंद्राच्या कुंपणाला लागून राहतात ती माणसं.

तो सांगतो, पाळण्यात असल्यापासून
कुंपणापलीकडची घरघर ऐकतोय,
सेकंदाला पन्नास वेळा थरथरणारी.
म्हणून बेस त्याला ऐकू येत नाही,
बेस नसला की ऐकू येतो.
वादळात केंद्र बंद पडलं
त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पहिला पेनड्राइव्ह त्यानं मला तीनशेला विकला.
(आमचे डॉलर. एक पॅटी येते, तीही थंड.)
मी म्हटलं, पोरा, गाणी फुकट मिळतात.
तो म्हणाला, गाणी मिळतात. रस्ता मिळत नाही.

मग एका मंगळवारी पुढच्या सीटवर बसला,
आधी भाडं दिलं,
आणि गुडघ्यावर वही ठेवून सगळा रस्ता उतरवून घेतला:
क्लॉक टॉवरपाशी गाडी भरेपर्यंतची साडेतीन मिनिटं,
पंपाजवळचा खड्डा,
उसातला सरळ पट्टा, जिथं मी ऐंशीच्या वर जातो
(मी म्हटलं, जात नाही. त्यानं लिहिलं, जातो),
पोलीस दबा धरतात ते वळण,
शाळेची पोरं चढतात तो थांबा.

आता त्याची मिक्स तशीच वळते.
एकच रिडिम, त्यावर सात गळे,
एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं तोंड उघडतं,
मागच्या सीटवरचं भांडणच जणू.
उसात ड्रम मोकाट सुटतात.
शाळेच्या थांब्याआधी शिव्या गळून पडतात
आणि त्यांच्या जागी तो अर्धी मात्रा ठेवतो,
कोरी.
पोरं ती मनातल्या मनात भरतात,
आणि मिस पर्ल, चर्चची टोपी सांभाळत,
खिडकीबाहेर बघते. तिचा पाय मात्र...
पायाचं मी बोलत नाही. गिऱ्हाईक आहे.

गेल्या ईस्टरला बंदरावर
त्याच्या हाती पहिल्यांदा खरी साउंड सिस्टिम आली,
म्हाताऱ्या ग्लॅडस्टनची, माणसाहून उंच खोकी.
लोकांनी पत्रे बडवले, ओरडले, मागं घे, मागं घे!
आमच्याकडे रीतच आहे, गर्दी पेटली
की सिलेक्टर गाणं मोडतो, पहिल्यापासून लावतो.
त्यानं मोडलं नाही.
तीनदा मागितलं, तीनदा नाही.
ग्लॅडस्टन कपाळाला हात लावून बसला.
मग कुणीच मागत नव्हतं तेव्हा,
मासे तळणाऱ्या बाईचा झारा तालात हलला तेव्हा,
त्यानं एका बोटानं सगळं थांबवलं.
घरघर ऐकू आली. समुद्र. कढईतलं तेल.
माझी छाती कुठे गेली मला कळेना.
मग पहिल्यापासून.

दोनला पोलीस येतात, शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पावणेदोनपासून तो उतरत होता,
मी गावात शिरताना गिअर उतरवतो तसा.
जीप आली तेव्हा नुसता एक खुळखुळा वाजत होता
आणि माणसं चपला शोधत होती.
नेमकं काय बंद करा म्हणावं, हवालदाराला सुचेना.

आता टोरांटोहून कुणाचा निरोप आलाय.
पासपोर्ट नाही, व्हिसाची गोष्टच नको,
तूर्त नुसती मिक्स पाठव म्हणतात, तासाभराची.
मिस व्हेरोना गल्लीभर सांगून आली.
हा मात्र तीन दिवस यंत्राला शिवलेला नाही.
काल माझ्या शेजारी बसून त्यानं उलट निरोप बोलला:
तुमच्याकडे नाच सुटला की लोक घरी कसे जातात?
बस असते? किती वेळ लागतो?
वाटेत पूल लागतो का?
थंडीत माणसं भरभर चालतात की हळू?

उत्तर अजून नाही.
क्लॉक टॉवरपाशी माझा एक माणूस कमी आहे.
मी हॉर्नकडे हात नेतो.
आत्ता नको, तो म्हणतो, डोळे मिटलेले,
अजून चार मात्रा.
हं.
दाब.