खारकेची वही

सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी बेअरिंगचे व्यास तपासले.
निवृत्त झालो, तेव्हा व्हर्नियर घरी आणला.
आता बदकीची अंडी मोजतो.

मखमलाबादला, द्राक्षबागांच्या अलीकडे आमचं घर.
मागे निम्मा कापलेला ड्रम जमिनीत पुरलाय,
तेच तिचं तळं.
रंग भुरा, म्हणून नाव खारीक.
वहीत रोज तीन रकाने:
लांबी, टरफलाची जाडी, विष्ठा.
तिसऱ्या रकान्याला सुनंदा हसते.
हसू दे.
मशीन बिघडलं की आधी
खाली सांडलेलं तेल बघायचं असतं.

कार्तिकात टरफल शून्य पूर्णांक अडतीस.
मार्गशीर्षात एकोणतीस.
मग एक दिवस अंगठ्याखालीच चिरलं,
आणि तिसऱ्या रकान्यात: पातळ, हिरवट, वास आंबूस.
पाळत ठेवली.
कुंपणापलीकडचे भामरे
आपल्या मिसळीच्या हॉटेलातले उरलेले पाव
"मुकं जनावर आहे" म्हणत तिला घालत होते.
वर चिमूटभर शेव.
भांडलो नाही. त्यांचंही पोट
त्याच पावावर चालतं.

डॉक्टर नाईकवाडी बाईंनी तिला उलटीपालटी करून पाहिलं.
"काका, हिला दात नाहीत.
हिच्या पोटात जातं आहे, ते खड्यांनी फिरतं.
जात्यात नुसता मैदा गेला
तर पीठ नाही निघत, खळ होते."
जाड वाळू सांगितली, शिंपल्यांचा चुरा,
सकाळचं ऊन,
आणि भामऱ्यांना नमस्कार.

पण अंडं आधीच वाटेत होतं.

दोन दिवस रकाना कोरा.
खारीक बसायची, उठायची, पुन्हा बसायची,
शेपूट वरखाली, आवाज बंद.
पौषातली रात्र, अंगणात आठ अंश,
बागांमधून शेकोट्यांचा धूर.
बाई फोनवर म्हणाल्या, कोमट पाण्यात बसवा,
घाई करू नका, पोट दाबू तर मुळीच नका.

मोरीत टब. मी पाटावर.
सुनंदानं पदर खोचून तिला दोन्ही हातांनी धरलेलं,
मी दर दहा मिनिटांनी तांब्याभर गरम पाणी
कडेकडेनं सोडतोय,
कोपर बुडवून बघतोय.
साडेबारा. दीड. दोन वाजून वीस.
"तुम्ही झोपायला जा," ती म्हणाली.
"नको, थांबतो."
ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती.
"माझ्या वेळी तुम्ही सेकंड शिफ्टला होतात."
आवाजात राग नव्हता.
राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

खरंच होतो.
त्या दिवशी एक लॉट रिजेक्ट केला होता,
दोन मायक्रॉननं जास्त.
तो आकडा अजून पाठ आहे.

तीन चाळीसला खारकेनं मान लांब केली
आणि पाण्यात काहीतरी सुटलं.
टरफल नव्हतं. नुसता पापुद्रा,
भिजलेल्या कागदी कंदिलासारखा,
आत पिवळा बल्ब तेवढा हलत होता.
सवयीनं व्हर्नियर उचलला.
जबडे मिटत गेले, मिटत गेले,
कुठेच अडेनात.
शेवटी ठेवून दिला.

खारकेनं अंग झाडलं, मोरीभर पाणी उडवलं,
आणि सुनंदाच्या चष्म्यावरून ओघळ.
ती हसली, या खेपेला तिसऱ्या रकान्याला नाही.

"किती वेळ लागला होता?" मी विचारलं.
"कशाला?"
"राधिकेच्या वेळी."
टॉवेलात बदकी गुंडाळता गुंडाळता,
"एकोणीस तास," ती म्हणाली,
जणू हे कुणीतरी कधीतरी विचारणारच होतं.

वहीत त्या तारखेपुढे जाडी लिहिलेली नाही.
तिथे एकोणीस आहे.

महिना झाला. शिंपले चालू, पाव बंद,
भामरे आता पालेभाजीच्या काड्या आणून देतात.
आज टरफल: चौतीस.
विष्ठा: घट्ट, वर पांढरा ठिपका.
ठीक.